ती गाढ झोप नव्हती

संतोषदादाला शेवटची गोळी मी माझ्या हातानं दिली.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं.

दादा माझा चुलतभाऊ. चितेगावला कंपनीत होता. माल उतरवताना पाठीवर पडला आणि मणक्याचं दुखणं मागं लागलं.

जोरदार पेनकिलर लिहायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं होतं, "दारू घेता का?"

शेजारी आप्पा बसलेले. दादाचे वडील.

दादा म्हणाला, "नाय साहेब."

आप्पा म्हणाले, "आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा कुणी खात नाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं.

दादा रविवारी घ्यायचा हे मला माहीत होतं, वहिनीला माहीत होतं. आप्पांनाही माहीत असावं. पण बापासमोर असलं कोण बोलतं?

बाहेर आल्यावर दादानं पाठीत धपाटा घातला. "शहाणा झाला की रे नित्या!"

गोळ्या सांभाळायचं काम माझ्याकडं आलं. मी नववीत शाळा सोडलेला, पण काटेकोर. कुलूप लावून परत ओढून बघणारा. मोबाइलला अलार्म लावायचो. एक डोस चुकू दिला नाही.

दादा चिडवायचा, "कंपाउंडर आला बघा!"

त्या रविवारी दुपारी तो मित्राच्या शेतातल्या मटण पार्टीहून आला. तोंडाला वास येत होता. अलार्म वाजून गेला होता.

"दादा, आज राहू दे का गोळी?"

"काऊन? खाडा करायचा नाय, डॉक्टरच म्हणला ना? दे. अन् अजून एक दे, लई ठणकतंय."

मी दिल्या.

भीती वाटली होती. पण मला सगळ्याचीच भीती वाटते, म्हणून माझ्या भीतीवर माझाच विश्वास नाही.

तो घोरायला लागला. मोठ्यानं, अडकत अडकत.

वहिनी हळूच म्हणाली, "झोपू द्या भाऊजी. लई दिवसांनी डोळा लागलाय."

आम्ही टीव्ही बंद केला. पोरांना अंगणात पिटाळलं. मी दार लोटून घेतलं.

घोरणं थांबलं तेव्हा आम्हाला बरंच वाटलं.

चहाला उठवायला गेलो, तर ओठ निळे.

दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं. त्या गोळ्या आणि दारू, दोन्ही श्वास मंद करतात. एकत्र झाल्या की श्वास थांबू शकतो. ते घोरणं म्हणजे अडकणारा श्वास होता. तेव्हाच हलवून उठवायचं, गाडी काढायची.

आम्ही दार लावून बसलो होतो.

गावात सांगितलं, अ‍ॅटॅक आला. मीही वर्षभर तेच सांगितलं.

काल आप्पांना विचारलं, खरं लिहू का?

मग म्हणाले, "मी तिथं बसलो होतो म्हणून नाय बोलला तो."

थोड्या वेळानं म्हणाले, "लिही. पण दारुडा नको म्हणू त्याला."

नाही म्हणणार, आप्पा. नव्हताच तो.

तुमच्या घरात कुणाला अशा गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना खरं सांगा. बाप शेजारी असेल तर त्याला बाहेर बसवा. आणि कुणी पिऊन आलं तर गोळी देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा. डोस न चुकवणारे, काटेकोर म्हणून घरात तुमचं नाव असलं तरी.

दादा, तुझी थोरली पोरगी सायकल शिकली. वहिनी कामाला जाते.

माफ कर असं लिहिणार नाही. तू लगेच करशील, अन् ते मला नको आहे.

नमस्कार, दादा.