बाहेरून कडी

आईनं मला पेंडीच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. "आवाज करू नगंस. पावणं गेलं की काढते," म्हणाली.

मी एकोणतीस वर्षांची. शिरवळच्या कंपनीत अख्खी लाईन माझ्या हाताखाली चालते. आणि इथं कुंडलला, स्वतःच्या घरात, गुरांच्या खाद्याशेजारी कोंडलेली. कारण काय, तर धाकटीला बघायला पाहुणे आले होते. थोरली बिनलग्नाची दिसली की विचारतात, हिच्यात काय खोट? म्हणून लपवायची. मामाचा हुकूम. वडील त्याच्याच उसात राबतात. त्याच्यापुढं आमच्यात कोणाचं तोंड उघडत नाही.

खोट कसली? मला लग्न नको होतं, नाही केलं. एकटी राहून ही झुरणार, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. शिरवळच्या खोलीत मी पोटभर जेवते, गाढ झोपते. झोप उडते ती कुंडलला यायचं ठरलं की. या वेळी तर धाकटीसाठी हौसेनं साडी घेऊन आले होते.

सोप्यातलं सगळं ऐकू येत होतं. पाहुण्यांतल्या एका म्हातारीनं धाकटीला विचारलं, "भन हाय न्हवं तुला?"

धाकटी म्हणाली, "व्हय. ताई शिरवळला नांदती."

नांदती! माझा नवरासुद्धा यांनी परस्पर ठरवला. अंगाची लाही झाली. मागं सरले तर पाय डब्यावर आदळला.

"आत कोण हाय वं?" म्हातारी.

"शेळी हाय. बांधलीया," मामा म्हणाला.

सगळे हसले. धाकटीही हसली. तिचं हसू मला हजारांत ओळखू येतं.

लहानपणापासून सगळं गिळत आले होते, हे नाही गिळलं. मी दारावर थापा मारल्या. "शेळी न्हाई. मी थोरली. माझं लगीन झाल्यालं न्हाई. कडी काढा!"

मी थापा मारतच राहिले. शेवटी आईनं कडी काढली. मी पेंडीनं माखलेल्या केसांनी सोप्यात आले आणि म्हातारीच्या पाया पडले. तिनं पाय मागं घेतले. पोहे तसेच ठेवून पाहुणे उठले.

"माझं वाटोळं केलंस," धाकटी म्हणाली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ते मला लागतं, फार लागतं. तिचं लग्न व्हावं, थाटात व्हावं, असं मलाही वाटतं. पण त्यासाठी मी शेळी होणार नाही.

त्याच संध्याकाळी शेजारून पाना आणला आणि ती कडी दारातून उपटून काढली. आई बघत राहिली. मामा ओरडत राहिला. पुढचे पाहुणे येतील तेव्हा मी सुट्टी काढून येणार आहे. चहा मीच देणार. आणि कोणी विचारायच्या आधी सांगणार, मी थोरली, बिनलग्नाची.