उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह

शहराने प्रगती केली, यात वाद नाही. महापालिकेने तशी चकचकीत पुस्तिकाच छापली होती आणि तिच्या अकराव्या पानावर चावीवाल्याच्या थोरल्या बहिणीचा फोटो होता. ताई आपल्या धुलाई केंद्रातल्या मोठ्या यंत्राशेजारी हसत उभी होती. खाली ओळ होती, ‘घरोघरी पाणी, दारोदारी रोजगार.’ दारोदारी हा शब्द त्यांना नेमका कोणत्या अर्थाने सुचला, कोण जाणे! फोटोच्या दिवशी यंत्रात पाणी टँकरचं होतं, आणि टँकर खुद्द महापालिकेचा. फोटो निघाला, मागोमाग टँकरही निघाला.

चावीवाला हे काही त्याचं नाव नव्हे, पण घरचे सोडले तर दुसरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सव्वीस वर्षं त्याने शहराला पाणी सोडलं. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण उचलायचं, खालच्या व्हॉल्व्हला चावी लावायची आणि आटे मोजत फिरवायची. बाजारपेठेला चौदा आटे, शाळेच्या रस्त्याला साडेनऊ. जास्त सोडलं तर उतारावरच्यांच्या शिव्या, कमी सोडलं तर चढावरच्यांच्या. दोन्हीकडच्या खाऊन तो तयार झाला होता.

वरच्या वस्तीचा व्हॉल्व्ह मात्र तऱ्हेवाईक होता. बाकीचे सगळे डावीकडे फिरवले की उघडतात, हा उजवीकडे. जुन्या काळचा, उलट्या आट्यांचा. नवा माणूस कामावर आला की पहिल्या दिवशी हमखास वस्तीचं पाणी तोडायचा आणि दुसऱ्या दिवशी शहाणा व्हायचा.

मग व्हॉल्व्हवर मोटारी बसल्या. आता कार्यालयात बसून बटण दाबायचं आणि भिंतीएवढ्या पडद्यावर हिरवा दिवा बघायचा. चावी गोदामात गेली आणि चावीवाल्याला खड्ड्यांची झाकणं साफ ठेवायला नेमलं. काम ताब्यात देताना त्याने ठेकेदाराच्या माणसाला तीनतीनदा सांगितलं, “हा उलटा आहे बरं का. लिहून घ्या.”

“फॉर्ममध्ये तसा रकाना नाहीये, काका.”

“मग कडेला लिहा.”

“कडेला लिहिलेलं वाचत नाहीत.”

आणि खरंच, कुणी वाचलं नाही, कारण कुणी लिहिलंच नाही. मोटार बाकीच्यांसारखी सरळ बसली. सकाळी मुख्य नळाला पाणी आलं की पडदा म्हणायचा ‘उघडा’ आणि खड्ड्यात व्हॉल्व्ह गच्च बंद व्हायचा. दोन तासांनी पाणी गेलं की पडदा म्हणायचा ‘बंद’, आणि मग हा पठ्ठ्या ऐसपैस उघडा! तेवीस दिवस हा तमाशा चालला. वस्तीतल्या बायका उतारावरून घागरी वाहून आणत होत्या आणि पडद्यावर वस्ती हिरवीगार होती.

चावीवाला रोज कार्यालयात जायचा. कनिष्ठ अभियंता पोरगेलासा होता, उद्धट मुळीच नव्हता. तो प्रत्येक वेळी खुर्ची द्यायचा, पडद्याकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, “काका, शंभर टक्के उघडा आहे, तुम्हीच बघा.” त्यापेक्षा त्याने हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं.

चोविसाव्या दिवशी ताईने त्याला बोलावून घेतलं. वरच्या वस्तीतल्याच त्या धुलाई केंद्रात तिच्या हाताखाली चार बायका होत्या. चौघींची घरं दवाखान्याच्या चादरींवर चालायची. त्या चादरींचे गठ्ठे आता छताला टेकले होते आणि खोलीत वास मारत होता.

“आज संध्याकाळपर्यंत चादरी पोचल्या नाहीत तर काम दुसऱ्याला देणार म्हणालेत,” ताई म्हणाली. “तू सव्वीस वर्षं गावाला पाणी पाजलंस ना रे? मग मला एक दिवस नाही पाजता येत?”

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती ताईवर काढण्यात अर्थ नव्हता. तो तडक केंद्रासमोरच्या, वस्तीच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी आला. पाण्याची वेळ झालीच होती. मोटारीला अडीअडचणीसाठी हाताने फिरवायचं चाक होतं, त्याला तार गुंडाळून महापालिकेचं सील लावलेलं. त्याने पक्कड घातली, तार तोडली आणि चाक उजवीकडे फिरवायला घेतलं. अकराव्या आट्याला नळ घुरघुरला. वर कुणीतरी ओरडलं, “आलं! आलं!” आणि ताईच्या यंत्रात तेवीस दिवसांनी पाणी पडलं.

दहा मिनिटांत महापालिकेची गाडी केंद्राच्या दारात. तेवीस दिवस वस्ती कोरडी होती तेव्हा यांना रस्ता सापडत नव्हता. पडद्यावर एक दिवा लाल झाला, तर दहा मिनिटांत सापडला!

“काका, व्हॉल्व्ह का बंद केलात?” अभियंता धापा टाकत म्हणाला.

ताईने त्याचा हात धरला आणि सरळ नळाखाली नेला. बाही कोपरापर्यंत भिजली. त्याने नळाकडे पाहिलं, मग हातातल्या मोबाईलवरच्या लाल दिव्याकडे, मग पुन्हा नळाकडे. चेहरा खर्रकन उतरला. पोरगा हुशार होता, क्षणात सगळं समजला. चावीवाल्याला वाटलं, चला, सुटलो.

“काका,” तो हळूच म्हणाला, “गुरुवारी पाहणी आहे. शंभर टक्के पुरवठ्याचा अहवाल वर गेलाय. आत्ता हा उलटा निघाला तर सगळ्याच व्हॉल्व्हची चौकशी लागेल. गुरुवारपर्यंत दिवा हिरवा राहू द्या ना.”

“आणि पाणी?”

अभियंत्याने बाही पिळली. समजत नव्हतं तोवर ठीक होतं हो. पण ओल्या बाहीने उभं राहून हे म्हणवतं तरी कसं? चावीवाल्याने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुन्हा खड्ड्यात उतरला. पाणी जायची वेळ होईपर्यंत तो चाक धरून बसला. चादरी संध्याकाळी दवाखान्यात पोचल्या.

त्याच संध्याकाळी नोटीस आली. ‘विनापरवाना व्हॉल्व्ह बंद करून वरच्या वस्तीचा पाणीपुरवठा खंडित केल्याबद्दल उद्यापासून निलंबित.’ त्याने ती दोनदा वाचली. सव्वीस वर्षांत वस्तीचं पाणी तोडल्याचा ठपका कधी बसला नव्हता, तो पाणी दिल्यावर बसला. त्याने सही केली. ताई रडली, तो नाही रडला.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेला तो खड्ड्याच्या काठावर हात मागे बांधून उभा राहिला. निलंबित माणसाला चाकाला हात लावायची परवानगी नव्हती, आणि नियम तो सव्वीस वर्षं पाळत आला होता. खड्ड्यात ताई उतरली होती. तिच्या मागे चौघी, आणि त्यांच्या मागे निम्मी वस्ती.

“उजवीकडे, ताई. घट्ट आहे, दोन्ही हात लाव. अजून सहा.”

पाणी चढलं. त्याचा मोबाईल वाजला. पलीकडून अभियंता ओरडत होता, “काका, पुन्हा लाल झालाय! कुणी बंद केला?”

चावीवाल्याने मोबाईल ताईपुढे धरला.

“आम्ही,” ताई म्हणाली.

“आम्ही म्हणजे कोण?”

“ज्यांना पाणी आलंय ते सगळे. पाठवा नोटिसा.”