वाहत्या पानावरची ‘सहजच’

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. अजिबातच नव्हता. माझे वडील शहाडला एका कारखान्यात फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी बौद्धाचार्य – वस्तीतली लग्नं लावायचे, माणूस गेलं की पुण्यानुमोदनाला वंदना घ्यायचे. चाळीत कुणा बाईच्या अंगात आलं की वडील तिला पाणी द्यायचे आणि हळूच विचारायचे, “घरात कुणी मारतं का गं?” अशा घरात मी वाढले. इथे साइटवर भुताखेतांच्या चर्चा चालतात त्या अमानवीय धाग्यांवर मी किती खवचट प्रतिसाद टाकलेत ते जुन्या लोकांना आठवत असेल. ‘लवंगी’ हा आयडी काही उगाच घेतला नव्हता. आता हसायची पाळी तुमची आहे, तर हसा.

मी ठाण्याला, घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहते. एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी. दुपारी दीड ते दोन जेवणाची सुट्टी. त्या अर्ध्या तासात डबा उघडायचा आणि मोबाइलवर आपल्या साइटचं वाहतं पान उघडायचं, हा माझा सात वर्षांचा नेम. नव्या वाचकांसाठी सांगते – वाहतं पान म्हणजे नुसत्या गप्पा. कुणाची इडली फसली, कुणाच्या कढीपत्त्याला कीड लागली, कुणाला रिक्षात जुना वर्गमित्र भेटला. नवीन पोस्टी आल्या की जुन्या तळातून गळून जातात आणि कुठेही साठत नाहीत. आम्हाला त्याचंच बरं वाटायचं, कारण काही बोललं तरी दुसऱ्या दिवशी त्याचा पुरावा नसायचा.

मे महिन्यात तिथे ‘सहजच’ नावाचा आयडी आला. नमस्कार नाही, ओळख नाही. पहिलीच पोस्ट अशी – “आमच्या दारावरून सकाळपासून एकोणीस जोड पाय गेले. एका बाईच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या.”

बस्स, एवढंच. पण आमचं पान एकदम जागं झालं. कोण, कुठल्या, पुढे काय झालं – बाईच असणार हे आम्ही धरूनच चाललो, पण तिने कशालाच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दीडला पुन्हा आली. “पत्र्याला एक भोक आहे. त्यातून ऊन पडतं ते भिंतीवरून चालत चालत कपाटापर्यंत जातं. कपाटाला टेकलं की दुपार झाली.” मग कधी पंख्याच्या पात्याला लागलेलं कोळ्याचं जाळं, पंखा फिरला तरी न तुटणारं. पावसाळ्यात त्याच भोकाखाली ठेवलेल्या टोपाचा आवाज – रिकामा असताना वेगळा, भरत आल्यावर वेगळा. माळ्यावर मांजर व्यायली तेव्हा तर आठवडाभर आम्हाला दुसरा विषय नव्हता. तीन पिल्लं, त्यातलं एक पांढरं, शेपटीचं टोक तेवढं काळं. ‘गवतीचहा’ने एकदा विचारलंही, “तुम्ही जमिनीवर बसून लिहिता का हो? तुमचं सगळं एकतर पायाशी असतं नाहीतर छताला.” उत्तर आलं नाही.

माझ्याशी मात्र ती बोलायची. मी काही लिहिलं की त्याखाली तिचं एखादं वाक्य असायचंच. गुडघे, लेकीचा परदेशातून न येणारा फोन, नवऱ्याचं घोरणं… जे मी लायब्ररीतल्या कुणाला सांगितलं नाही ते तिला सांगत गेले. मला ती आवडायची, इतकं सरळ आहे ते. नवऱ्याशी बोलतानाही मी ‘आमची सहजच’ असं म्हणायला लागलेले.

आणि एक दिवस मी लिहून बसले – “माझी एक मोठी बहीण आहे. तीन वर्षं आमचं बोलणं नाही. चूक माझी आहे, पण तिनेही फोन करायला काय हरकत होती?”

खाली तिचं वाक्य आलं. “ती त्या दिवशी जेवली नव्हती ना?”

आता तो दिवस सांगायलाच हवा. आमच्या ठाण्याच्या घराची वास्तू… म्हणजे वास्तुशांत नव्हे, साधं जेवण होतं. माझी बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो, शहाडहून चाळीतल्या दोन बायकांना घेऊन आली होती. लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीण बाई होत्या. अक्का त्यांना हात जोडून खणखणीत आवाजात “जय भीम” म्हणाली. घरात आल्यावर मी तिला बेडरूममध्ये ओढलं आणि म्हटलं, “अक्का, इथे नको ना गं एवढ्या मोठ्याने. नवीन जागा आहे.” तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “बेबी, दारावर नुसता फ्लॅटचा नंबर लावलायस. मला वाटलं पाटी करायला टाकलीय.” आणलेलं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि गेली. ज्या बाईने सातवीत शाळा सोडली आणि माझ्या कॉलेजची फी भरायला पापड लाटले, तिला मी आवाज कमी करायला सांगितला होता. यातलं अक्षरही मी वाहत्या पानावर लिहिलं नव्हतं. इथे तर माझं आडनावही कुणाला माहीत नव्हतं, आणि ते तसंच राहावं याची मी फार काळजी घेत आले होते.

मी सहजचला विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?”

“रागावलेली माणसं जेवत नाहीत.”

पटलं मला. खरं तर पटवून घेतलं. वर ताकाचा घोट घेतला. तेवढ्यात पाच नव्या पोस्टी आल्या आणि ते वाक्य तळातून गळून गेलं.

ऑगस्टमध्ये तिने लिहिलं, “एकदा येऊन जा. शहाडला उतरून दहा मिनिटं. दार उघडंच असतं.”

शहाड! मी लगेच लिहिलं, “नक्की येणार! दिवाळीला फराळ घेऊन येते.” खोटं बोलले. आमच्या घरी कधी दिवाळी केली नव्हती, आणि मला शहाडला जायचंच नव्हतं. तिथल्या गल्लीत मला बेबी म्हणून हाक मारणारी पन्नास माणसं आहेत. एखादीने सहजचच्या समोर मला हाक मारली असती, अक्काकडे का गेली नाहीस म्हणून विचारलं असतं, तर माझी साइटवरची लवंगी तिथेच संपली असती. सप्टेंबरमध्ये तिने पुन्हा बोलावलं, मी पुन्हा दिवाळी म्हटलं. तिसऱ्यांदा लिहिलं, “दिवाळीपर्यंत कठीण आहे.” त्यावर मी डोळा मारणारा चेहरा टाकला आणि लिहिलं, “उगाच घाबरवू नका हं.”

त्यानंतर ती आली नाही. चार दिवस दीड वाजता मी पान उघडून बसत होते. पाचव्या दिवशी दीडलाच फोन वाजला. अक्काचा मुलगा नितीन. चाळिशीचा आहे, कल्याणला टेम्पो चालवतो. त्याचे दोन मिस्ड कॉल मे महिन्यात येऊन गेले होते. अक्काने त्याला मध्ये घातलंय असं समजून मी ते घेतले नव्हते. या वेळी घेतला.

“मावशी, आई गेली. येतेस का?”

पोचले तेव्हा सगळं तयार होतं, फक्त माझी वाट बघत होते. नितीनची बायको प्रज्ञा रडत रडत सांगत होती – मे महिन्यात अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, अक्षरही ओळखता येईना. पाच महिने कॉटवर. अक्का एवढीशी झाली होती. मी तिच्या पायांना हात लावला.

पुरुष स्मशानातून यायचे होते. मला गरगरलं तशी प्रज्ञा म्हणाली, “मावशी, पडा जरा,” आणि मला त्याच कॉटवर आडवं केलं.

डोकं टेकलं आणि वर बघितलं तर पत्र्याला भोक होतं. उन्हाचा ठिपका कपाटावरून पुढे सरकला होता. पंखा बंद होता, त्याच्या एका पात्याला जाळं होतं. मी मान वळवली. दाराला गुडघ्यापर्यंत पडदा, आणि कॉट इतकी बुटकी की पडद्याखालून फक्त पाय दिसत होते. येणाऱ्याजाणाऱ्यांचे नुसते पाय. मी ते मोजायला लागले, मला थांबवता येईना. सात जोड झाले तेव्हा माळ्यावरून काहीतरी खाली उतरलं आणि कॉटवर चढलं. पांढरं मांजर, वाढलेलं, शेपटीचं टोक काळं.

मी किंचाळले. बायकांना वाटलं बहिणीच्या दुःखाने.

भानावर आल्यावर मी अगदी वकिलासारखी उलटतपासणी घेतली. अक्काचा फोन? बटणांचा, झटका आला त्या दिवसापासून कपाटात, चार्जिंगसुद्धा नाही. प्रज्ञा? दिवसभर शिवणकाम, साइट म्हणजे काय तेही तिला समजावून सांगावं लागलं. शेजारच्या मुली? पण पायांचं, पत्र्याचं, पंख्याचं जे दिसतं ते फक्त त्या कॉटवर उताणं पडूनच दिसतं. मी उठून खोलीभर फिरून बघितलं. खुर्चीवरून पडद्याखालचे पाय दिसत नाहीत. “आईंच्या कॉटवर दुसरं कोण झोपणार मावशी?” प्रज्ञा म्हणाली. मग ती आणखी एक गोष्ट बोलली. “दीड वाजला ना की त्या दाराकडे मान वळवायच्या. घास नेला तरी तोंड मिटून घ्यायच्या. दोन वाजून गेले की मगच खायच्या. आम्ही म्हणायचो, कुणाची वाट बघता?”



नंतर मी आपल्या अॅडमिनना मेल केला. त्यांनी कळवलं की आयडी आहे, मे महिन्यात उघडलेला, माहितीच्या जागी काही भरलेलं नाही. “बाकी वाहत्या पानाचं काहीच राहत नाही, तुम्हाला माहीतच आहे.” म्हणजे जे मला हवं होतं तेच माझ्या वाट्याला आलं, कसलाच पुरावा नाही. गवतीचहाला आणि आणखी सहासात जणांना त्या पोस्टी आठवतात, म्हणून मी वेडी नाही एवढं म्हणता येतं.

वाहत्या पानावर मी लिहिलं, “सहजच गेली. ती माझी सख्खी बहीण होती. आम्ही शहाडच्या, बौद्धवाड्यातल्या.” खूप हात जोडले गेले, मेणबत्त्या आल्या. एकीने विचारलं, “अगं, तू कधी बोलली नाहीस?” दुसरीने विचारलं, “म्हणजे तुमच्यात दहावं-तेरावं नसतं का?” मग कुणीतरी नव्या मिक्सरचा फोटो टाकला आणि चार वाजेपर्यंत आम्ही दोघी बहिणी तळातून गळून गेलो. राग कुणावर धरू? इतकी वर्षं मीही तिथे मिक्सरच टाकत होते.

म्हणून हा वेगळा धागा काढलाय. हा गळणार नाही. काय झालं ते मला माहीत नाही. कुणी म्हणेल योगायोग, कुणी म्हणेल माझ्या अपराधी मनाने नंतर सगळं जुळवलं, वडील असते तर तेही हेच म्हणाले असते. मांजराचं काय करायचं ते मात्र त्यांनाही सांगता आलं नसतं.

पण मी हे लिहितेय ते त्यासाठी नाही. पुण्यानुमोदन झाल्यावर मी नितीनला सगळं सांगितलं. म्हटलं, हसेल नाहीतर हाकलेल. त्याने चटईची एक काडी मोडली. मग म्हणाला, “पाच महिने मी तिला उचलत होतो मावशी. अंघोळ घातली, कूस बदलली. ‘आई, एकदा नितीन म्हण’ म्हणून रोज मागे लागायचो. माझ्याशी एक शब्द नाय बोलली. आणि तू… तू आलीपण नाहीस.”

मी म्हटलं, “खरं असेल का रे?”

“माहीत नाय. असेल तर मला नाय आवडलं.” मग त्याने विचारलं, “काय काय बोलली?”

मी सांगितलं. पाय, ऊन, जाळं, टोपाचा आवाज, पिल्लं. रोज एक म्हटलं तरी शंभरावर वाक्यं झाली असतील, मला अकरा आठवली. तो बोटांवर मोजत होता. अकरावं सांगून झालं.

“अजून?” तो म्हणाला.

मी नाही म्हणून मान हलवली.

“माझं नाव कधी घेतलं?”

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. डबा खाता खाता वाचत होते मी. त्या दिवसापासून दर रविवारी त्याचा फोन येतो. मी आता लगेच उचलते. तो जास्त काही बोलत नाही, फक्त विचारतो, “मावशी, काय आठवलं का?”

तुमच्यापैकी कुणाला तिचं एखादं वाक्य आठवत असेल तर खाली लिहा.