दोन्ही, न्हायतर एकबी न्हाय

आपा कोड ऐकायच्या. बाकीचे प्रोग्रॅमर स्क्रीनला डोळे लावून बसतात. आपांची स्क्रीन बहुतेक वेळा बंदच असायची. कानात इयरफोन, बोटं कीबोर्डवर, आणि कॉम्प्युटर त्यांना एकेक ओळ वाचून दाखवायचा. तोही इतक्या वेगानं, की पहिल्या दिवशी त्यांनी इयरफोन माझ्या कानाला लावला तेव्हा मला नुसती डासासारखी गुणगुण ऐकू आली. "कळलं का काय?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. "कळंल. मलाबी आधी कळत नव्हतं."

बारामतीत एसटी स्टँडच्या मागे, ठिबकचं सामान विकणाऱ्या दुकानाच्या वर आमचं लहानसं ऑफिस होतं. दवाखान्यांसाठी आम्ही प्रोग्रॅम तयार करायचो. मालकांना सगळे सर म्हणत. मी डिप्लोमा संपवून डाळजहून तिथं नोकरीला आले आणि आपांच्या हाताखाली पडले. त्यांनी माझं नाव कधी घेतलंच नाही. "ए डाळज, हितं ये," हीच हाक. त्या स्वतः सांगवीच्या तांबोळींच्या घरातल्या. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू झाला आणि नजर कडांकडून मिटत गेली. शिक्षण सोडा, असं सगळ्यांनी सांगितलं. वडील तेवढे म्हणाले, "बस चालू हाय तवर जायाचं." शेवटच्या परीक्षा त्यांनी लेखनिक घेऊन दिल्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चहा गाळता गाळता, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं.

एरर आला की मी घाबरून ती खिडकी बंद करायचे. माउसचा आवाज आपांना बरोबर कळायचा. "का घालवलीस? शिवी दिली व्हय त्यानं तुला? परत आण. मोठ्यानं वाच, शेवटच्या ओळीपतोर." मी वाचायचे आणि बऱ्याचदा उत्तर त्या शेवटच्या ओळीतच असायचं. तेव्हा आपा आपल्या कामाकडे वळत. शाबासकी देण्याची त्यांची तीच पद्धत होती.

डेटाबेसशी बोलायचं कसं, हे मी त्यांच्याकडून शिकले. आमचा प्रोग्रॅम एका भाषेत लिहिलेला, डेटाबेसची भाषा वेगळी; दोघांच्या मधे बोलणी करणारी एक तयार लायब्ररी असते, तिला अडॅप्टर म्हणतात. आपा तिला अडत्या म्हणायच्या. "माल आपला, गिऱ्हाईक त्यो, मधी ह्यो. ह्याच्या सवयी आधी शिकून घे. डोळं झाकून इश्वास टाकू नगं. मी तर मुळीच टाकत न्हाय," असं म्हणून त्या स्वतःच हसत.

इंदापूरच्या एका धर्मादाय दवाखान्याचं काम आमच्याकडं होतं. तिथं फ्रिजमध्ये रक्ताच्या पिशव्या ठेवत. कोणती पिशवी शिल्लक आहे, कोणती कुणासाठी राखली आहे, हे आमचा प्रोग्रॅम सांगायचा. दवाखान्यानं नवा सर्व्हर घेतला, डेटाबेसही नवा आला. जुना अडॅप्टर त्याच्याशी बोलेना, म्हणून सरांनी घाईनं नवा बसवून दिला. सगळं सुरळीत चाललेलं दिसत होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी लॅबमधल्या सिस्टरांचा फोन आला. त्यांनी एका गटाची शेवटची पिशवी ऑपरेशनच्या पेशंटसाठी राखली होती. त्यांच्या स्क्रीनवर ती राखलेली दिसत होती. बाळंतिणींच्या वॉर्डातल्या स्क्रीनवर मात्र तीच पिशवी मोकळी. तिथल्या नर्सनं ते बघून नरसिंहपूरच्या एका बाळंतिणीच्या घरच्यांना "रक्त आहे" असं सांगून टाकलं होतं.

सर, आपा आणि मी पोहोचलो तेव्हा त्या बाळंतिणीसाठी बारामतीहून रक्त आणायला गाडी गेली होती. तिची सासू व्हरांड्यात जमिनीवर बसून रडत होती. आपा चालता चालता थांबल्या, आवाजाचा अंदाज घेऊन तिच्याजवळ खाली बसल्या आणि गाडी येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. रक्त वेळेत आलं. दोन्ही पेशंट वाचले. आपा उठल्या, ओढणी झटकली आणि म्हणाल्या, "आता ह्यो प्रोग्रॅम बंद. पिशवीला हातानं चिठ्ठी लावा."

दवाखान्याचे विश्वस्त, सगळे त्यांना तात्या म्हणत, ते संतापले. नव्या विभागाचं उद्घाटन तोंडावर आलं होतं. "बाईंना दिसत न्हाय, त्यांना चूक कुठली घावायची?" ते सरांना म्हणाले.

"तात्या," आपा शांतपणे म्हणाल्या, "दिसणाऱ्यांना तरी कुठं घावली?"

तात्यांनी खुर्ची ओढून आपांना बसायला दिली.

चूक आपांना संध्याकाळच्या आत सापडली. जुना अडॅप्टर प्रत्येक बदल आपणहून पक्का करायचा. नवा मात्र "पक्कं कर" असं स्पष्ट सांगेपर्यंत बदल हातात धरून ठेवायचा. आमचा प्रोग्रॅम ते सांगतच नव्हता. म्हणून ज्यानं बदल केला त्याला तो दिसे, इतरांना नाही. सर हरखले. "एक सेटिंग बदललं की नवाही जुन्यासारखाच वागेल. पाच मिनिटांचं काम."

"न्हाय करायचं," आपा म्हणाल्या. "पिशवी दिली की दोन नोंदी व्हत्यात, सर. फ्रिजातनं कमी, पेशंटच्या नावावर जमा. पहिली पक्की झाली अन् लाइट गेली, तर? पिशवी फ्रिजातबी न्हाय अन् पेशंटकडंबी न्हाय. दोन्ही व्हायला पायजे, न्हायतर एकबी न्हाय."

"जुन्यातही तसंच होतं की."

"म्हंजे जुनंबी चुकीचंच व्हतं."

सर चिडले, पण आपांनी जागा सोडली नाही. इंदापुरात त्यांच्या खालांचं, म्हणजे मावशीचं, घर होतं, तिथं आम्ही दोघी मुक्कामाला राहिलो. सकाळी दवाखान्यात येऊन लॅबच्या कोपऱ्यात बसायचं. जिथं जिथं अशा जोडीच्या नोंदी होत्या, ती प्रत्येक जागा आपा ऐकत आणि मी त्यांच्या सांगण्यावरून तपासत असे. दोन्ही नोंदी एका गाठोड्यात बांधायच्या, शेवटी एकदाच पक्क्या करायच्या, मधे काही बिघडलं तर दोन्ही मागं घ्यायच्या.

मग त्यांनी दोन नोंदींच्या मधे मुद्दाम थोडा थांबा घातला आणि मला म्हणाल्या, "डाळज, वायर उपट."

"कुठली?"

"कॉम्प्युटरची. चालू असतानाच."

त्या दिवशी सरही आले होते; मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी तोंड फिरवलं. मी वायर उपटली. पुन्हा सुरू करून बघितलं, तर पिशवी फ्रिजातून कमी झालेली आणि पेशंटच्या नावावर काहीच नाही. अर्धवटच! मला रडू यायचं बाकी होतं. आपांनी मात्र इयरफोन कानात घातला. बऱ्याच वेळानं मान वर करून म्हणाल्या, "घावलं. पेशंटची नोंद करायला कुणीतरी दुसरंच कनेक्शन उघडलंय, अन् पहिलं बंद व्हताना आपली नोंद पक्की करून जातंय. दोन येगळ्या दारांनी आत गेल्यावर संगं कसं ऱ्हातील?" ते दुसरं कनेक्शन काढून टाकलं. परत वायर उपटली. या वेळी पिशवी जागेवर होती, नोंद कोरी होती. आपांनी मला पुन्हा उपटायला लावली, मग सर्व्हरचीही, मग नेटवर्कची. सिस्टर हसायला लागल्या. शेवटी तात्यांनीच एकदा वायर ओढून बघितली.

उद्घाटन पुढं ढकललं गेलं. तात्यांनीच ते ढकललं. पुढं एका दुपारी, पिशवी देत असतानाच खरोखर लाइट गेली आणि इन्व्हर्टरही बसला. सिस्टरांनी वीज आल्यावर नोंद बघितली आणि लगेच फोन केला, "आपांना सांगा, काही अर्धवट न्हाय." मी निरोप दिला. "बरं," आपा म्हणाल्या. पण त्या दिवशी खालच्या टपरीवरून सगळ्यांना भजी आली.

दोनेक वर्षांनी पुण्यातल्या एका कंपनीनं त्यांना बोलावलं. याआधी तिथूनच त्यांना "कसं जमेल तुम्हाला" असं म्हणून परत पाठवलं होतं. आपांनी पुन्हा अर्ज केला होता, तेव्हाही नकारच आला, तरी त्यांनी परत एकदा केला. सरांनी पगार वाढवतो म्हणून सांगितलं, एकटं राहणं कसं जमेल म्हणून काळजीही केली. "जमवायला जातीय," आपा म्हणाल्या.

आता ते दवाखान्याचं काम मी बघते. एखादी नवी मुलगी म्हणते, "मॅडम, एवढं कशाला, चालतंय की," तेव्हा मी तिला प्लगपाशी घेऊन जाते.

निरोपाच्या दिवशी स्टँडवर मी त्यांची बॅग घ्यायला गेले, तर दिली नाही. बस कोणती ते त्यांनीच लोकांना विचारलं, काठीनं पायरी चाचपली आणि खिडकीशी जाऊन बसल्या. बस हलली तसा त्यांनी हात बाहेर काढून हलवला. पण मी उभी होते त्या बाजूला नाही. पुढं रसवंतीपाशी, जिथं कुणीच नव्हतं, तिथं. मी गर्दीतून धावत जाऊन तिथं उभी राहिले, आणि बस वळेपर्यंत हात हलवत राहिले.