नकाशावरचा शिक्का

दादाचं लग्न ठरलं आणि बाबांनी घर वाढवायचं काढलं. मागे दोन खोल्या, वर एक मजला. आमच्या गावात, वैशाखऱ्याला, जो भेटेल त्याला ते सांगायचे, "चांगला आर्किटेक्ट बघतोय." मी शेजारीच उभी असायचे. आर्किटेक्चरची पदवी घेऊन मी कल्याणच्या एका ऑफिसात नोकरीला लागले होते, रोज एसटीनं ये-जा करत होते. मला वाटलं, बाबा गंमत करतायत, शेवटी माझ्याकडेच वळतील.

म्हणून सुट्टीच्या दिवशी मी घर मोजायला घेतलं. टेपचं दुसरं टोक आईनं धरलं. जन्मभर तिनं भिंतीकडे तोंड करून भाकऱ्या थापल्या होत्या. नकाशात मी ओट्यासमोर मोठी खिडकी काढली. तिथून आमचं भाताचं शेत दिसलं असतं. आईनं कागदावरच्या त्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "एवढी मोठी?"

बाबांनी नकाशा बराच वेळ बघितला. "ठेव तिथं," एवढंच म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात शहापूरचा एक आर्किटेक्ट पांढऱ्या गाडीतून आला. त्याला बाबांनी स्वतः पुढे जाऊन आत आणलं, खुर्ची दिली आणि मला म्हणाले, "पाणी आण गो."

मी पाणी घेऊन आले तेव्हा टेबलावर नकाशा पसरला होता. खाली त्याचा शिक्का, त्याची सही. वर माझं घर. मला क्षणभर वाटलं, भास होतोय. पण मागच्या खोलीचा दरवाजा कपाटावर आपटेल असा उघडत होता. ती चूक माझी होती. घाईत झालेली, दुरुस्त करायची राहिलेली. त्यानं तीसुद्धा तशीच उतरवली होती.

"हा दरवाजा उलटा उघडतोय," मी म्हणाले.

"ते साइटवर बघून घेऊ," तो हसून म्हणाला.

"बाबा, हा माझा नकाशा आहे."

बाबांनी मान वर केली नाही. "मग? तुला शिकवली कुणी? घर कुणाचं?"

"मग नाव तरी माझं लावा."

आता त्यांनी बघितलं. "सोयरे येतील, विचारतील घर कुणी काढलं. काय सांगू? जिला तीन जागी दाखवली नि कुणी पसंत केली नाय, त्या पोरीनं?"

दादा हसला. आर्किटेक्टनं चहाच्या कपात नजर घातली. मग सावरून घेत तो म्हणाला, "काका, ही स्वयंपाकघराची खिडकी जरा जास्तच मोठी आहे."

"बुजवा," बाबा म्हणाले. "बाईला खिडकी कशाला? भाकरी करपवायला?"

सगळे हसले. दारात उभी असलेली आईही हसली. पदर तोंडाला लावून, पण हसली. मला बाबांचं एवढं लागलं नाही.

गाडी गेल्यावर मी तिला गाठलं. "तू का हसलीस?"

ती तांदूळ निवडत होती. "मीच कालच्याला तुझ्या बाबांना सांगितलं होतं, खिडकी नको."

"का?"

"तू दिलेली. ते रोज बोलून दाखवतील. रोज त्या खिडकीसमोर उभं राहून कोण ऐकंल?" आणि थोड्या वेळानं, "तुला काय, तू जाशील."

घर झालं. मला वाटायचं कुठंतरी भेग पडावी, पाणी गळावं. काही झालं नाही. घर चांगलं झालं, बघणारे वाखाणायचे. वास्तुशांतीला बाबांनी त्या माणसाला शाल-श्रीफळ दिलं, आणि सगळ्या पाहुण्यांदेखत मला हाक मारली.

"पाया पड यांच्या. तुला हाताखाली घ्यायला तयार झालेत. शिकशील काहीतरी."

मी उभीच राहिले. वहिनीच्या माहेरची माणसं बघत होती. त्या माणसाचे कान लाल झाले होते; तो "राहू दे, राहू दे" म्हणत पाय मागे घेत होता.

"मी नाही पडणार," मी म्हणाले.

"मग जा. एक खोली मोकळी होईल."

मी बॅग भरली. भरताना कुणी आत आलं नाही. जेवणाच्या पंगती सुरू झाल्या होत्या.

आता मुरबाडला खताच्या दुकानावर माझं छोटं ऑफिस आहे. बाजाराच्या दिवशी आई येते, पिशवी मांडीवर घेऊन पंख्याखाली बसते, घराबद्दल बोलत नाही. बाबा लोकांना सांगतात, तिच्याकडं जाऊ नका, अर्धवट आहे. काही ऐकतात, काही येतात.

परवा म्हसा गावचं एक जोडपं आलं. गोठ्यावर मजला चढवायचा होता. बाई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "वैशाखऱ्याला रस्त्याला लागून ते मोठं घर हाय, ते तुमचंच ना? लय छान हाय. तुमीच काढलंत?"

"नाही," मी म्हणाले. "शहापूरच्या एका आर्किटेक्टनं."

"आमाला तसंच पायजे," ती नवऱ्याकडे वळून म्हणाली. "त्यालाच विचारू या का?"