अडतीस बोटं

साकीनाक्याच्या म्युनिसिपालटीच्या शाळेत मालनबाई साळवे दुसरीचा वर्ग सांभाळायच्या. शिकवायच्या सगळंच, पण जीव गणितात. पट्टी कधी हातात धरली नाही. गरजच नव्हती, आवाजच असा की शेजारचा वर्गसुद्धा गप्प व्हायचा. मणी नाहीत, तक्ते नाहीत. "दहा बोटं घेऊन आलायत ना घरून? मग झालं तर!" म्हणायच्या, आणि चाळीस पोरं हात वर करून मोजायला लागायची.

त्यांचा नियम एकच. मोजायचं, आणि मोजलं तेच सांगायचं. बाजूच्याचं बघून नाही, अंदाजाने तर मुळीच नाही. "मोजलंस का?" हा त्यांचा प्रश्न इतका पाठ झाला होता की पोरं घरी आईला पण विचारायची, मीठ मोजून घातलंस का गं.

गणपती झाले की दरवर्षी त्या एक गणित घरी द्यायच्या. घरातल्या सगळ्यांच्या हातांची बोटं मोजून या. दुसऱ्या दिवशी कुणाची पन्नास, कुणाची सत्तर, कुणाची एकशेवीस. सगळी उत्तरं फळ्यावर लिहायची नि विचारायचं, "काय दिसतंय रे?" पोरं ओरडायची, "शेवटी शून्य, बाई!" झालं, दहाचा पाढा न घोकता डोक्यात शिरला. अकरा वर्षं हे चाललं होतं आणि बाईंना त्याचा भारी अभिमान. का नसावा?

चौऱ्याऐंशी साली रतनने लिहून आणलं, अडतीस.

रतन म्हणजे पुढच्या बाकावरची, बारीक चणीची, तेल चोपडून दोन वेण्या घातलेली. वर्गात सगळ्यांत आधी हात तिचा वर. बाईंनी विचारलं, "घरात माणसं किती?"

"चार. आई, बाबा, मी, बाळ."

"मग अडतीस कशी? चुकलं. मोजून ये परत."

दुसऱ्या दिवशी अडतीस. तिसऱ्या दिवशीही अडतीसच. बाई वैतागल्या. "अगं, दोन बोटं काय उंदराने नेली?" सगळा वर्ग खो खो हसला. रतन हसली नाही, रडलीही नाही. खाली बघून उभी राहिली.

चौथ्या दिवशी तिने चाळीस लिहून आणले. "बघ, जमलं की नाही!" म्हणत बाईंनी लाल पेन्सिलीने ठसठशीत बरोबर केलं.

पण त्या दिवसापासून पोरीचं काहीतरी बिनसलं. हात वर होईना. सात अधिक पाच विचारलं तर बोटांकडे न बघता बाईंच्या तोंडाकडे बघायची. बाईंच्या भुवया जरा वर गेल्या की उत्तर बदलायची. सहामाहीत गणितात नापास. मालनबाईंना कळेना, एवढ्या चुणचुणीत पोरीला झालं तरी काय. त्यांनी बापाला बोलावणं धाडलं.

रतनचे वडील, जयवंत, एका गाळ्यात पत्रे कापायच्या प्रेस मशीनवर कामाला होते. गुरुवारी त्यांची सुट्टी, तेव्हा आले. डावा हात पँटच्या खिशात घालून दारातच उभे.

"बाई, तिला गणित जमत नाही म्हणते. सारखी म्हणते, माझं मोजलेलं चुकतं. नसेल जमत तर मे महिन्यात गावी आज्जीकडे सोडतो. बाळाला पण बघेल तिकडे."

"असं कसं? मुलगी हुशार आहे हो!" बाई म्हणाल्या. "आधी इथे सही करा, भेटायला आल्याची."

वही वाऱ्याने फडफडत होती. कागद दाबायला त्यांनी डावा हात बाहेर काढला. त्या हाताला तीनच बोटं होती.

बाईंनी विचारलं, "कधी झालं हे?"

"झाली तीन वर्षं. प्रेसमध्ये गेली. चालायचंच, बाई, आमच्या गल्लीत काय नवीन नाही." हात परत खिशात गेला. मग ते जरा हसले. "मध्ये चार दिवस जेवताना हा हात धरून बसायची. बोटाबोटाला हात लावून बघायची. मला वाटलं, लाडात आलीय."

चार दिवस! पोर चार दिवस मोजत होती, चारही दिवस बरोबर मोजत होती, आणि आपण तिला खोटं लिहायला लावलं. मालनबाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या माणसाच्या तोंडाकडे बघवेना. "तिला कुठेही पाठवू नका," एवढंच त्या म्हणाल्या. "मी बघते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रतनला वही घेऊन पुढे बोलावलं. चाळीस स्वतः खोडले, बाजूला अडतीस लिहिले आणि बरोबर केलं. मग वर्गाकडे वळल्या.

"रतनने बरोबर मोजलं होतं. तिच्या घरी अडतीसच आहेत. न बघता चूक म्हणाले, ती चूक माझी. आणि त्या दिवशी मी थट्टा केली, तीही चूक माझी."

बाईंनी कधी चूक कबूल केल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. रतनने वही दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. जागेवर गेल्यावर ती आपल्या बोटांकडे बघत बसली.

मग मागच्या बाकावरून धाकू वही घेऊन आला. त्याने पन्नास खोडून एकोणपन्नास केले होते. त्याच्या मागे शकु. साठचे सत्तावन्न. मग आणखी दोघं. बघता बघता टेबलापाशी सात वह्या झाल्या.

"अरे, मग त्याच दिवशी का नाही रे सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

धाकूने खांदे उडवले. "माझी ताई तुमच्याच वर्गात होती ना. तिनेच सांगितलं, बाईंना शेवटी शून्य लागतं."

त्याची ताई आता सातवीत होती.

मालनबाईंनी लाल पेन्सिल उचलली आणि एकेक वही उघडून, उत्तरापुढे बरोबर करत गेल्या.