अरवलीच्या दगडावर मी काढलेला बाण

प्रा. भालचंद्र खांबेटे सरांची आणि माझी ओळख माझ्या बुटांमुळे झाली. पुण्याच्या कॉलेजात भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता आणि पहिल्याच अभ्याससहलीला मी पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट घालून गेलो. सरांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "अहो सोनटक्के, टेनिसचं मैदान पलीकडे आहे." सगळा वर्ग हसला. दुपारी घाटात उजव्या बुटाचा तळ सुटला, तेव्हा सरांनी पिशवीतून सुतळी काढली, खाली बसले आणि माझा बूट स्वतः बांधून दिला. मी ओशाळून पाय मागे घेत होतो, तर म्हणाले, "पाय स्थिर ठेवा, गाठ सैल पडते." वीस वर्षांच्या पोरांनाही अहो-जाहो करणारे हे गृहस्थ आहेत.

सर यंदा पंच्याहत्तरी पूर्ण करत आहेत. आयर्लंडमधली आपली मराठी मंडळी आणि सरांचे जुने विद्यार्थी यांनी मिळून हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं, तेव्हा संपादक मंडळाकडून मला निरोप आला: "हलकंफुलकं लिही. दोन किस्से, थोडी मजा, थोडा क्रॅक येऊ दे." इतकी वर्षं इथं राहून आपण मजेलाही इथल्या आयरिश लोकांसारखं क्रॅक म्हणायला लागलो. पण माझ्याकडे सरांचा सांगण्यासारखा किस्सा एकच आहे, आणि तो हलका नाही. तो सांगायची मला लाज वाटते. न सांगता इथं गौरव लिहायची त्याहून जास्त वाटते.

सरांचं आयुष्यभराचं काम अरवलीवर. ज्यांनी त्यांना शिकवताना ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गुजरातच्या वेशीपासून निघून राजस्थान तिरका चिरत दिल्लीपर्यंत जाणारी ही रांग. तिच्या पश्चिमेला वाळवंट. वारा वाळू उचलून डोंगराच्या अंगावर आणून टाकतो आणि जिथं रांगेत खिंड आहे तिथून ती पूर्वेला निसटते. पावसाळी ढग मात्र इथं फारसे अडत नाहीत, कारण अरबी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला ही रांग आडवी नाही, त्याच्या बाजूनं उभी आहे. सर म्हणायचे, "पाहुणा दारावरून जातोय आणि यजमान भिंतीला टेकून उभा आहे, असा प्रकार."

उत्पत्ती सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. जुन्या कठीण खडकाची जमीन ताणली गेली, फाटली, त्या खोलगट भागात समुद्र शिरला. त्याच्या तळाशी वाळू, चिखल, चुना यांचे थर बसले. मग ती जमीन पुन्हा दोन्ही बाजूंनी दाबली गेली, समुद्र मिटला आणि थरांच्या घड्या होऊन डोंगर उभा राहिला. वाळूचा कठीण क्वार्ट्झाइट झाला, चुन्याचा संगमरवर. "आणि आज तुम्ही जो बघताय तो डोंगर नव्हे," सर सांगायचे, "डोंगर केव्हाच झिजून गेला. हे त्याचं मूळ आहे. मऊ होतं ते गेलं, क्वार्ट्झाइट तेवढा कण्यासारखा उरला." हे वाक्य आम्ही त्यांची नक्कल करत हॉस्टेलवर म्हणायचो. आज मला ते नीट उभं राहून म्हणावंसं वाटतं.

आता किस्सा. घड्यांच्या डोंगरात एखादा थर सुलट आहे की उलटून पडलेला आहे, यावर सगळं गणित असतं. वाळू पाण्यानं साठत असताना तिच्यात तिरप्या रेघा पडतात. त्या रेघा तळाकडे हळूच वळून मिळतात आणि वरच्या बाजूला कापल्यासारख्या तुटतात. दगड कापून घासला की त्या स्वच्छ दिसतात. पण त्यासाठी दगड डोंगरात कसा बसला होता हे ठाऊक हवं. म्हणून नियम असा की हातोडा मारण्याआधी दगडावर वरची दिशा दाखवणारा बाण काढायचा. आधी बाण, मग हातोडा. सर हे इतक्या वेळा सांगायचे की आम्हाला त्याचा वीट आला होता.

एम.एस्सी.नंतर मी सरांच्या हाताखाली संशोधनाला लागलो. वाळवंटाच्या कडेच्या एका धारेवर आम्ही दोघं तीन आठवडे काम करत होतो. शेवटच्या दिवशी धारेच्या माथ्यावर सर एका थरासमोर खूप वेळ बसले, तो खडक उन्हानं काळा पडलेला, रेघा पुसट. वहीत त्यांनी लिहिलं, "सुलट असावा." मला म्हणाले, "नमुना घ्या, कापून बघू," आणि ते पुढं उतरायला लागले. खाली जीपवाला हॉर्न वाजवत होता, मला तहान लागली होती. मी दगड फोडला, पिशवीत टाकला आणि धावत सुटलो.

शाळेच्या पडवीत आमचा मुक्काम होता. संध्याकाळी पिशव्या उपसताना बघतो तर त्या दगडावर बाण नाही. परत माथ्यावर जायचं म्हणजे तीन तासांची चढण आणि सकाळी आमची गाडी होती. सर दहा हातांवर स्टोव्हवर आमच्यासाठी चहा करत होते. "सर, चूक झाली," एवढं म्हणायचं होतं. मी दगड हातात फिरवला, एक बाजू जरा जास्त रापलेली वाटली, ती वर धरली आणि काळ्या पेनानं बाण काढला. छान, सरळ, ठसठशीत बाण. इतका चांगला बाण मी आधी कधी काढला नव्हता. सरांनी चहा आणून दिला आणि मी तो प्यायलो.

पुण्यात दगड कापला. माझ्या बाणाप्रमाणे थर उलटा निघाला. सरांनी दोनदा चष्मा पुसला, स्वतःची वही काढली आणि "सुलट असावा" यावर लाल रेघ मारली. "डोळे चुकतात, सोनटक्के. दगड चुकत नाही." त्या एका नमुन्यावर सरांनी मांडलं की ती धार आणि तिच्या शेजारची धार हा एकच थर आहे, घडी होऊन उलटलेला. तो शोधनिबंध गाजला. त्यावर दुसरं नाव माझं होतं. त्याच्या बळावर मला आयर्लंडमध्ये संशोधनाची जागा मिळाली. मी इथं आलो, भूशास्त्र सोडलं, आता एनिसजवळ वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. नव्या माणसांना मी शिकवतो की नोंद जागच्या जागी करायची, मागाहून आठवून करायची नाही. हे शिकवताना माझा आवाज चढतो, असं लोक म्हणतात.

काही वर्षांनी त्या धारेवर खाण लागली आणि डोंगराची आतली ताजी बाजू उघडी पडली. दुसऱ्या एका गटानं जाऊन पाहिलं. थर सुलट होता. पुण्यातल्या परिषदेत त्यांनी फोटो दाखवले. मी सुट्टीवर आलो होतो, सरांनीच हौसेनं बोलावलं होतं, तिसऱ्या रांगेत बसलो होतो. सर उठले आणि म्हणाले, "हे बरोबर आहेत. निष्कर्ष माझा होता, चूक माझी आहे. नमुने गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याचा यात दोष नाही." असं म्हणून ते बसले. मी उठलो नाही. पुढं विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर 'खांबेट्यांचा उलटा डोंगर' अशी थट्टा सुरू झाली, ती आजही अधूनमधून चालते. वाचणाऱ्यांपैकी बरेच जण त्यावर हसले असतील. मीही हसण्याचे चेहरे टाकले आहेत.

चार वर्षांपूर्वी सरांच्या पत्नी, आमच्या बाई, गेल्या आणि सर लेकीकडे, शर्वरीताईंकडे, इथं आयर्लंडमध्ये कासलबारला राहायला आले. ताई तिथल्या हॉस्पिटलात नोकरीला आहेत. मी अडीच तास गाडी चालवून भेटायला गेलो, तर सरांनी विचारलं, "जेवून आलात की उगाच आलात?" आणि स्वतः पोहे केले. ताईंची रेवा नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. सरांनी तिच्या वर्गाला, मग आपल्या मंडळींच्या मुलांना, क्रोग पॅट्रिकच्या पायथ्याशी न्यायला सुरुवात केली. तो डोंगरही क्वार्ट्झाइटचा. इथं पाऊस झोडपतो, तिथं वाळू घासते, पण कणा तसाच उरतो हे ते मुलांना हाताला लावून दाखवतात. शेजारचे एक आयरिश गृहस्थ मला म्हणाले, "युअर मॅननं, म्हणजे या तुमच्या गृहस्थांनी, मला माझाच डोंगर दाखवला, साठ वर्षांनी." एकदा मुलं भिजली तेव्हा सरांनी आपला रेनकोट एकाला दिला आणि स्वतः खोकत बसले. असे किस्से बाकीचे लिहितीलच.

मला त्यातली एकच दुपार सांगायची आहे. रेवानं एका दगडातल्या रेघांवर बोट ठेवून तो सुलट आहे का, असं विचारलं. "आजोबा, इज दॅट वन राइट वे अप?" रेघा माझ्यासारख्या काम सोडलेल्या माणसालाही दिसत होत्या. सरांनी हात मागे घेतला. "मला नको विचारूस बाळा," ते म्हणाले, "यात माझी नजर चुकते. सोनटक्के काकांना विचार." अगदी सहज म्हणाले. मला वाटलं होतं, माझ्यामुळे त्या माणसाचा एक निबंध तेवढा गेला. त्यांचे डोळेच काढून घेतले होते मी. परिषदेनंतर ते एकदाही अरवलीत गेले नव्हते, हे मला माहीत होतं. मी त्याला वय म्हणत आलो होतो.

पुढच्या रविवारी मी कासलबारला गेलो आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सगळं सांगितलं. पडवी, स्टोव्ह, काळं पेन. सरांनी मध्ये एकदाच विचारलं, "कोणती बाजू वर धरलीत?" मी म्हणालो, "जास्त रापलेली." ते उठले, प्रेसमधून, म्हणजे भिंतीतल्या कपाटातून, ती जुनी वही काढली आणि लाल रेघ मारलेलं पान उघडून समोर ठेवलं.

"म्हणजे मला दिसलं होतं," ते म्हणाले.

"हो सर."

"तुम्ही मला त्या दिवशी सांगितलं असतंत, तर मी रागावलो असतो आणि सकाळी परत चढलो असतो. परिषदेनंतर सांगितलं असतंत, तरी चढलो असतो. तेव्हा गुडघे होते." त्यांनी वही मिटली. "आता घरी जा, सोनटक्के. आज मला तुमच्याशी बोलवणार नाही." दारापर्यंत शर्वरीताई आल्या. "ग्रँड ना सगळं?" म्हणाल्या, म्हणजे ठीक ना. मी गाडीकडे निघालो.

तीन आठवडे फोन नव्हता. मग एक दिवस सरांचा फोन आला. गौरवग्रंथाचं त्यांना कळलं होतं. म्हणाले, "लिहिणार असाल तर खरं लिहा, आणि आधी मला दाखवा. भूशास्त्राच्या चुका नकोत." मी हा लेख घेऊन गेलो. सरांनी पेन्सिल घेतली. अरवलीच्या परिच्छेदात दोन दुरुस्त्या केल्या. मग पडवीचा परिच्छेद आला. तिथं मी लिहिलं होतं, 'अनवधानाने माझ्या हातून चुकीचा बाण काढला गेला.' त्यांनी पहिला शब्द खोडला. "बाण काढायला विसरलात, ते अनवधान. नंतर काढलात, ते नाही," ते म्हणाले. मग पुढचंही खोडलं. "'काढला गेला' नाही. तुम्ही काढलात." वर तुम्ही वाचलंत ते वाक्य त्यांच्या दुरुस्तीनंतरचं आहे.

सरांच्या सर्व विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना मी इथं सांगतो: त्या धारेवर सरांची नजर पहिल्या दिवशीच बरोबर होती. ती थट्टा यापुढं करायचीच असेल तर माझ्या नावानं करा.

अशा लेखाच्या शेवटी निरोगी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. मीही चिंततो, पण माझी इच्छा शुद्ध नाही. मी सरांना विचारलं होतं, "सर, मला माफ केलंत का?" त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि खरं ते सांगितलं. "अजून नाही. बघू. वेळ लागेल." सरांना तेवढं आयुष्य मिळो.